माकणीच्या बायकांची कार्डे

"मास्तरीणबाई, पाडव्याच्या आत खोली मोकळी करा बगा," नागूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "ज्वारीची पोती ओसरीत पडल्याती. उंदरांची चैन चाललीय."

"पुढच्या रविवारी कॉलेजची जीप येणार आहे, वहिनी. मग सगळं जाईल." तारामतीने मान वर केली नाही. तिच्या मांडीवर कागदांचा एक गठ्ठा होता आणि दोरीची गाठ सुटत नव्हती.

"सगळं म्हंजी ते बाटलीतले किडेबी?"

"तेही."

"ब्येस हुईल. भावजी हुते तवर बोलता येत न्हवतं. पोरीला बघायला आलेले पाव्हणे त्या फळीकडं बघायचे आन च्या न घेताच उठायचे."

फळीवरच्या बाटल्यांत नारू होते. पांढरे, सुतळीसारखे, वेटोळे घालून बसलेले. प्रत्येक कुणा ना कुणाच्या पायातून, रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत बाहेर काढलेला.

नागूबाईंचे थोरले दीर, प्रोफेसर शरणबसप्पा, हैदराबादच्या मेडिकल कॉलेजात साथीच्या रोगांचा विषय शिकवत. संस्थान विलीन झाल्यानंतरच्या उन्हाळ्यांत ते आपल्याच मुलखात, उमरगा, मुरुम, माकणी या भागात, नारूची पाहणी करायला येत असत. पायऱ्यांच्या विहिरी, त्यांतले पाणी, ते पिणारी घरे. निवृत्त झाल्यावर बायको नसलेला, मूल नसलेला हा माणूस मुरुमच्या घरी परतला, तो या खोलीभर कागद घेऊन. गेल्या श्रावणात ते वारले. कॉलेजने त्यांचे सारे कागद जपून ठेवण्यासाठी मागितले, आणि ते लावून देण्याचे काम तारामतीने मागून घेतले.

मागून घेतले, कारण त्या पाहणीत ती होती. हैदराबादहून बी.एस्सी. करून आलेली, सुती जाळी आणि बाटल्या घेऊन विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसणारी. पाण्यातला एका डोळ्याचा सूक्ष्म जीव, ज्याच्या पोटातून नारू माणसाच्या पोटात जातो, तो तिने सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वेळा पाहिला होता आणि काढला होता. आता ती उमरग्याच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. रविवारी सकाळच्या मोटारीने मुरुमला यायचे, संध्याकाळच्या मोटारीने परत जायचे, असे तिचे हिवाळ्यापासून चालले होते.

कॉलेजची एक अट होती. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायची: विषय, साल, आणि काम करणाऱ्याचे नाव. निनावी कागद ठेवून घेतले जाणार नाहीत. तारामतीने आपल्या चित्रांचा गठ्ठा सर्वांत आधी बांधला होता. चिठ्ठीवर आपले नाव लिहिताना तिने टाक दोनदा पुसला, आणि शाई वाळेपर्यंत ती नुसती बघत बसली होती.

आता गाठ सुटली. ही माकणीच्या बायकांची कार्डे होती. ती असल्याचे तिला ठाऊक होते, पण हातात कधी आली नव्हती. जुन्या सरकारचे उरलेले छापील कागद कापून केलेली, मागे उर्दू मजकूर, पुढे सरांचे अक्षर. वरच्या ओळीत बाईचे नाव, कुणाची कोण, घर कुठले, पाणी कोणत्या विहिरीचे. ओळीच्या शेवटी प्रत्येक कार्डावर तेच: तपासणी, फरिदाबी.

खाली सरांनी फरिदाबीचे बोलणे, पुन्हा नाव न लिहिता, जसेच्या तसे उतरवले होते.

'म्हणते, पोटरीवर फोड, आत वळवळ. उद्या फुटेल.' दुसऱ्या दिवसाची नोंद: 'फुटला.'

'म्हणते, ही लपवते. मांडीवर आणखी एक आहे.'

'म्हणते, आधी जेवू घाला, मग विचारा. बरोबर आहे.'

तारामतीने ते 'बरोबर आहे' पुन्हा वाचले. तिच्या चित्रांवर सर तांबड्या पेन्सिलीची एक बारीक खूण करत. चित्र पसंत आहे, असा तिचा अर्थ. त्या खुणेपलीकडे शब्द कधी नव्हता. ती तेवढ्या खुणेवर इतकी वर्षे समाधानी होती, ते आज तिला कळले, कारण आज ते समाधान संपले.

बायकांची तपासणी तिच्याकडून का गेली, हे ती विसरली नव्हती. माकणीतच एका घरात सरांनी तिला आत पाठवले होते. दगडाबाई नावाची बाई पाय पसरून बसली होती, टाचेपाशी भिजलेली चिंधी. तारामती समोर बसताच तिने लुगडे पायावर ओढून घेतले. "ही पोरगी कोण? लगीन झालंय का हिचं?" झाले नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग हिला भाईर बसवा. कुवार पोरीनं बाईचं अंग बघू न्हाई. आन हिच्या हातात कागुद हाय." बाहेर बाजेवर बसलेल्या सरांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुरुमच्या दवाखान्यातली सुईण, फरिदाबी, गाडीत बसवून आणली. त्यानंतर दाराला घोंगडी लागली. फरिदाबी आतून सांगे आणि सर घोंगडीकडे पाठ करून लिहीत. तारामती विहिरीवर असे. पुढे तारामतीचे लग्न झालेच नाही, त्यामुळे तो प्रश्न कायमचा मिटला.

"फरिदा आलीय," नागूबाईंनी वर्दी दिली. "लई येळ झाला ओट्यावर बसलीय. आत ये म्हटलं तर म्हणती, बाईंचं काम हुंदे."

फरिदाबी आत आली ती पदर सावरत. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच, घाई नसलेली. तिने बाटल्यांकडे एकदा पाहिले.

"सलाम, बाई. वळखलाव का?"

"ओळखलं. बसा ना, फरिदाबी."

"बसायलाच आलेय. जरा कामबी हाय." ती भिंतीला टेकून बसली आणि गुडघा चोळू लागली. "हे समदं हैदराबादला न्यायलेत म्हणं?"

"हो. कॉलेजात. नीट राहील तिथं. लोकांना वाचायला मिळेल."

"कुणाकुणाला?"

"डॉक्टरांना. शिकणाऱ्या मुलांना. ज्याला या रोगावर काम करायचंय त्याला."

फरिदाबीने गुडघा चोळणे थांबवले. मग तिने तारामतीच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बोट केले. "त्ये बायकांचं हाय न्हवं?"

"कसं ओळखलंत?"

"कागुद वळखीचा हाय. मला वाचता येत न्हाय, पर त्यो मागचा छाप मी दारातनं लई बघितलाय." ती पुढे सरकली. "बाई, त्येवढं मला द्या."

तारामतीने गठ्ठ्यावर हात ठेवला. तिला वाटले, ही आपला हक्क सांगायला आली.

"का?"

"म्या शब्द दिल्ता. एकेकीला. साहेबांबिगर कुणी वाचणार न्हाय म्हणून. साहेब म्हणाले हुते, फरिदाबी, कागद माझ्या घरात राहतील. आता घरच बदलायलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "त्यात नावं हैत. कुणाची बायको, कुठल्या गल्लीतली, किडा कुठं निघाला. पायात निघाला तर काय न्हाय. पर समद्यांचा पायात न्हवता निघाला. आता त्यांच्या पोरी लग्नाला आल्यात. हुसेनबीच्या पोरीचं ठरलेलं मोडलं ते कशापायी? कुणीतरी म्हणालं, आईच्या छातीत नारू हुता, दूध तेच पिलीय. त्ये म्या न्हाई सांगितलं. पर हुसेनबी आजबी माझ्याशी बोलत न्हाय."

"दूध प्यायल्यानं नारू होत नाही," तारामती म्हणाली.

"तुमाला म्हाईत, मला म्हाईत. नवऱ्याच्या आईला सांगा."

तारामतीने गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला. देऊन टाकणे किती सोपे होते. हा गठ्ठा गेला की साऱ्या कागदांतून फरिदाबी गेली. दुसरीकडे कुठेच तिचे नाव नव्हते. मग मागे उरतील विहिरी, नकाशे आणि चित्रे. आणि यात वाईट काहीच नाही. उलट एका बाईने दिलेला शब्द राहतो. तारामतीने आपल्या मनातला आनंद आणि मनातले न्याय्य कारण वेगवेगळे करून पाहण्याचा प्रयत्न केला. दोन क्षार एकाच पाण्यात विरघळल्यासारखे ते झाले होते.

पण सरांचे सारे म्हणणे या गठ्ठ्यावर उभे होते. आधीच्या सरकारी अहवालांत लिहिले होते की बायकांना नारू कमी होतो. सरांनी लिहिले, कमी होत नाही, कमी दाखवला जातो. ही कार्डे नसतील तर ते नुसते एका म्हाताऱ्या माणसाचे मत.

"फरिदाबी," ती म्हणाली, "गठ्ठा नाही देता येणार. पण नावं काढून टाकू. वरची ओळ कापून काढायची, प्रत्येक कार्डाची. खालचं राहील. पोटरी, मांडी, छाती एवढंच. कुणाची ते कुणालाच कळणार नाही."

"आन गाव?"

"गावही वरच्याच ओळीत आहे. 'तेरणा नदीकाठचं एक गाव' एवढंच चिठ्ठीवर लिहू."

फरिदाबीने विचार केला. "कापा. पर कापलेलं माझ्या हातात द्या. आन वाचून द्या."

नागूबाईंकडून कात्री आली. कापड कापायची, बोथट. तारामती एकेक पट्टी कापू लागली आणि नाव वाचू लागली.

"दगडाबाई."

"ग्येली. गेल्या साली. टाच शेवटपर्यंत वाकडीच ऱ्हायली."

"मदिनाबी."

"सोलापुरात हाय, लेकाकडं. लई हसायची. काडी गुंडाळताना माणसं रडत्यात, ही हसायची. म्हणायची, फरिदा, ह्येचा लोकरीवाणी गुंडा कर, स्वेटर विणू."

नागूबाई दारात उभ्या होत्या, त्या हसल्या आणि खालीच बसल्या. पोत्यांचा विषय निघाला नाही. एकेक नाव येत होते आणि फरिदाबी ते ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवावा तसे घेत होती. कुणाचा नवरा दुसरी करून गेलेला, कुणी विहिरीच्या पायरीवरून घसरलेली, कुणाला पुढे पाच नातवंडे. तारामतीला विहिरींची खोली आठवत होती, पाण्याचा रंग आठवत होता. त्या विहिरींवर घागरी घेऊन येणाऱ्या बायका याच होत्या, आणि तिला त्यांतल्या एकीचाही चेहरा आठवेना. ती त्यांना घागर बुडवण्याआधी थांबायला सांगत असे, पाणी ढवळले जाऊ नये म्हणून.

तिने कात्री जरा जोरात चालवली. एक कार्ड तिरके कापले गेले.

"दमानं, बाई," फरिदाबी म्हणाली.

पट्ट्यांचा ढीग फरिदाबीने पदरात घेतला आणि न्हाणीघरापुढच्या चुलाण्यात नेऊन घातला. परत आली तेव्हा तारामती कोरी चिठ्ठी समोर घेऊन बसली होती.

"एक राहिलं. काम करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. नाही तर ते घेत नाहीत. तुमचं लिहिते." हे वाक्य तिने सकाळपासून मनात टाळले होते. म्हणून टाकल्यावर तिला थोडे बरे वाटले, आपण न्यायाने वागलो असे.

"माझं नगं."

"अहो, काम तुमचं आहे."

"माझं नाव ऱ्हायलं की कुणीतरी शिकलेला माणूस हुडकत यील. फरिदा, ह्यातली ही कोण? आन फरिदा कोणकोणत्या गावाला ग्येली ते समद्या मुलखाला म्हाईत हाय. मग तुमी गाव कापून काय केलाव?"

"मग सरांचं लिहिते."

"तोबा. बायका म्हणतील, साहेबानंच बघितलं. घोंगडी कशाला लावली मग?" फरिदाबी हसली. "तुमचं लिवा की. तुमी बाईमाणूस हाव. शिकलेल्या हाव. आन तुमाला ठावंच न्हाय कोण कुठली, तर सांगणार काय कुणाला?"

ती सहज बोलली होती. टोमणा असता तर तारामतीला उत्तर देता आले असते. ज्या जागेसाठी आपण दुपारभर जळलो, ती जागा हिने अशी बाजूला सरकवली, जसे कुणी पानातला नको असलेला पदार्थ शेजारणीच्या पानात वाढावा.

तारामतीने टाक बुडवला. विषय, साल, तपासणी करणार. पुढे तिने स्वतःचे नाव लिहिले.

"काय लिवलाव, वाचा."

तिने वाचले.

"ब्येस," फरिदाबी म्हणाली.

पुढच्या रविवारी जीप आली. कॉलेजचे एक तरुण लेक्चरर होते, धुळीने भरलेला सदरा, बोलणे आर्जवी. नागूबाईंनी चहा केला. फरिदाबीही आली होती. ती ओट्यावर, खांबाला टेकून बसली. कुणीतरी शेजारीण बसावी तशी. आपल्या कार्डांचे काय होते ते बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती.

ट्रंका दोन होत्या. लेक्चरर एकेक गठ्ठा उचलून चिठ्ठी वाचत, यादीवर खूण करत आणि ठेवून देत. चित्रांच्या गठ्ठ्यावर त्यांनी नजर टाकली. "चित्रं. ठीक." तो ट्रंकेच्या तळाशी गेला. दोरीही सुटली नाही. त्यावर नकाशे आले.

मग त्यांच्या हाती तो गठ्ठा आला. चिठ्ठी वाचून ते थांबले. गाठ सोडली. पहिले कार्ड वाचले, मग दुसरे, आणि तसेच उभ्या उभ्या वाचत राहिले. चहावर साय आली.

"ही सगळी बायकांची?"

"हो."

"प्रोफेसरसाहेब लेक्चरला सांगायचे याबद्दल. आम्हाला वाटायचं, अंदाजानं बोलतात." त्यांनी चिठ्ठीवरचे नाव पुन्हा पाहिले. "आणि तपासणी तुम्ही केलीत?"

ओट्यावर फरिदाबी सुपारी कातरत होती. अडकित्त्याचा आवाज थांबला.

"हो," तारामती म्हणाली.

"कमाल आहे. आमच्या नर्सना अजून दारात उभं करत नाहीत. तुम्हाला कसं दाखवलं त्यांनी?"

तारामतीने क्षणभर त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिले. "आधी काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "जाऊन बसायचं. भाकरी पुढं केली तर खायची. मुलं किती, सासू कशी, असं बोलत राहायचं. आपला हात आधी आपल्या पायावर ठेवायचा, म्हणजे तीही ठेवते. जिथं ठेवत नाही, तिथं असतं."

शेवटचे वाक्य तिने कुठल्याच कार्डावर वाचले नव्हते. गेल्या रविवारी, पट्ट्या कापताना, फरिदाबी नागूबाईंना सांगत होती.

"वा," लेक्चरर म्हणाले. "हे लिहून द्या तुम्ही. तुमच्या नावानं छापू. खरंच सांगतो, या साऱ्या ट्रंकांत मोलाचं असं हेच आहे."

"बघते," तारामती म्हणाली.

अडकित्ता पुन्हा चालू झाला. तारामतीने तिकडे पाहिले. फरिदाबीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मौजही नव्हती. दाराआड घोंगडीमागे एखादीचा पाय हातात घेतल्यावर तिचा चेहरा असाच होत असावा. तारामतीने तो कधी पाहिला नव्हता.

ट्रंका बंद झाल्या, जीपमध्ये चढल्या. बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यात गेल्या. नागूबाईंनी जीप वळायच्या आत खोलीत केरसुणी घातली. धूळ उडवत जीप उमरग्याच्या रस्त्याला लागली.

"चला, बाई," फरिदाबी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. "म्या शब्द दिल्ता, तुमी राखलाव. लई केलाव."

तारामतीला काहीतरी बोलायचे होते. ते चांगले होते की वाईट, हे तिला ठरवता येईना. तिची मोटार यायला अवकाश होता. ती ओट्यावर उभी राहून फरिदाबीला जाताना बघत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी एक तरुण बाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. फरिदाबी दिसताच ती थांबली. काही बोलली. घागर उतरवून तिने कडेला टेकवली, रस्त्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून लुगड्याचा काठ घोट्याच्या वर, आणखी थोडा वर उचलला. फरिदाबी वाकली.

उन्हात सारे स्पष्ट दिसत होते. तारामतीने मान फिरवली, आणि ती बाई चालू लागल्याचा आवाज येईपर्यंत ती रिकाम्या खोलीकडे बघत उभी राहिली.